पाचव्या घावाला फुटलेली संख्या

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटींच्या घरातली ही संख्या सम नाही, अंकांची बेरीज ५९ येते म्हणून ३ ने भाग जात नाही. ७, ११, १३ ने भागून पाहा, बाकी उरतेच. मूळ संख्येचा आव तिने झकास आणलाय.

तिची घडण साधी आहे: २ चा ३२ वा घात अधिक १. २ पासून सुरुवात करून दरवेळी आधीच्याचा वर्ग घेत जा: २, ४, १६, २५६, ६५५३६. मग प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. सहावी आपली. १६४० मध्ये फ्रेंच गणिती पिअर द फर्माने या रांगेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं पत्रात लिहिलं. सिद्धता आपल्याकडे नाही, हे त्याने मान्य केलं होतं, पण खात्री पक्की होती.

१७३२ मध्ये स्विस गणिती लिओनार्ड ऑयलरने या सहाव्या संख्येला ६४१ ने भागलं आणि बाकी शून्य आली. भागाकार ६७००४१७. पण ६४१ पर्यंतच्या शंभरावर मूळ संख्या एकेक करून तपासायची गरजच नाही. या संख्येला अवयव असेल तर तो ६४ च्या पटीहून एकाने जास्त असायला हवा, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचवा घाव! गंमत म्हणजे हा नियम फर्माच्याच एका प्रमेयातून निघतो, आणि तेही त्याने १६४० मध्येच पत्रात लिहिलं होतं. हत्यार हातात होतं, त्याने चालवलं नाही.

६४१ चा पडताळा कागदाच्या चिठोऱ्यावर होतो. ५ × १२८ = ६४०, ६४१ ला एक कमी, म्हणून बाकी −१ धरू. दोन्हीकडे चौथा घात केला की बाकी १. आता ६४० चा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी, तेव्हा त्याच्या जागी −१६ लिहा. १६ म्हणजे २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे उणे (२ चा ३२ वा घात) बाकी १ देतो, आणि अधिक असेल तर −१. त्यात १ मिळवला की शून्य. मोठा भागाकार कुठेच करावा लागला नाही.

या रांगेत पहिल्या पाच संख्यांनंतर एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

अवयव हाती नसतानाही आपल्या संख्येचं बिंग फोडता येतं. विषम मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच रीतीने लिहिता येते. आपली संख्या उघडच ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे. पण ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग केला तरी हीच येते. आणि त्यातला २०४४९ स्वतःच १४३ चा वर्ग!