कमांड लाइनवरून डिस्क फॉरमॅट करणे

संगणकाच्या साठवण-साधनावर (हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड) आज्ञा टंकून नवी फाइल-व्यवस्था (फाइली कोठे आहेत याची नोंद ठेवणारी रचना) उभारण्याची क्रिया. व्यापक अर्थाने तिच्यात तीन कामे येतात : चकतीवर मार्ग आणि सेक्टर (मार्गाचे ठराविक आकाराचे तुकडे) आखणे, डिस्कचे विभाग (पार्टिशन) पाडणे आणि विभागावर फाइल-व्यवस्था लिहिणे. पहिले काम १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आयडीई प्रकारच्या (चालवणारे मंडल, म्हणजे कंट्रोलर, अंगावरच असलेल्या) डिस्क रुळल्यावर, कायमचे कारखान्यात गेले. त्याआधी पीसी वापरणाऱ्यांना तेही करावे लागे; काही कंट्रोलर कार्डांवर त्यासाठी ‘डीबग’ प्रोग्रामात ‘जी=सी८००:५’ अशी ओळ टंकत.

झटपट फॉरमॅटमध्ये जुनी माहिती पुसली जात नाही, ती कोठे आहे हे सांगणारी कोष्टके तेवढी नव्याने लिहिली जातात. सातबारा फाडला म्हणून शेत नाहीसे होत नाही, तसेच हे. चुकून फॉरमॅट झालेल्या हार्ड डिस्कवरून पुष्कळ काही परत मिळते ते यामुळेच. जुनी डिस्क नुसती फॉरमॅट करून विकणे धोक्याचे असते, तेही याच कारणाने.

उगम : फॅट या सर्वाधिक पसरलेल्या फाइल-व्यवस्थेच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. तिचा आरंभ साधारणतः १९७७ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टच्या डिस्कवरून चालणाऱ्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत झाला असे मानतात. काही लेखक श्रेय बिल गेट्स आणि मार्क मॅक्डोनल्ड यांना विभागून देतात. प्रत्यक्ष लेखन मॅक्डोनल्ड यांचे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये ८६-डॉससाठी (पुढच्या एमएस-डॉसची पूर्वज कार्यप्रणाली) ती कल्पना उचलली. त्यांनी कोष्टकातील नोंद ८ ऐवजी १२ बिटांची केली आणि कोष्टक डिस्कच्या आरंभी आणले. डॉसची बरीच धाटणी मात्र गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या आधीच्या कार्यप्रणालीवरून आली आहे. याचा एक बारीक पुरावा आजही सापडतो. आठ इंची फ्लॉपी कारखान्यातून येत तेव्हा प्रत्येक बाइटमध्ये ‘ई५’ हे षोडशमान (१६ च्या पायावर लिहिलेले) मूल्य भरलेले असे. सीपी/एमने त्याच मूल्याला ‘नोंद रिकामी’ असा अर्थ दिला, म्हणजे कोरी फ्लॉपी आपोआप रिकाम्या सूचीसारखी वाचली जाई. फॅटमध्ये खोडलेल्या फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर अजूनही ‘ई५’ च होते.

आज्ञेतील धोका : सुरुवातीच्या डॉसमध्ये ‘फॉरमॅट’पुढे ड्राइव्हचे अक्षर दिले नाही, तर ज्या ड्राइव्हवर आपण असू तोच फॉरमॅट होई. फ्लॉपीच्या काळात हे निभावले, कारण आधी ‘नवी डिस्क घाला’ अशी सूचना येई. १९८३ मध्ये आयबीएम पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तीच सवय घातक ठरू लागली. पुढे डॉस ३ च्या मालिकेत टप्प्याटप्प्याने इशारा आणि अक्षराची सक्ती आली. नेमक्या आवृत्तीबाबत नोंदींत फरक आढळतो. डॉस ५ मध्ये (१९९१) ‘अनफॉरमॅट’ आज्ञा मिळाली. विंडोज व्हिस्टापासून (२००७) झटपटचा पर्याय न देता केलेले फॉरमॅट संपूर्ण विभागावर शून्ये लिहिते. एक्सपीमध्ये ते केवळ खराब सेक्टर तपासत असे. जुन्या पुस्तकांतले ‘फॉरमॅटनंतरही सारे परत मिळते’ हे विधान त्यामुळे आता सरसकट लागू करू नये.

सुरक्षित पद्धत : सुरक्षिततेचा सारा भार ओळख पटवण्यावर आहे, शेवटच्या ‘होय/नाही’ प्रश्नावर नाही. दुरुस्तीच्या टेबलावर एकाच कंपनीच्या १ टीबीच्या दोन डिस्क जोडलेल्या असतात. लिनक्समध्ये डिस्कची यादी देणारी ‘एलएसबीएलके’ आज्ञा दोघींपुढेही ९३१.५ जी दाखवते. एक ‘एसडीबी’, दुसरी ‘एसडीसी’. आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही नावे अदलाबदल होऊ शकतात. अशा वेळी आकारावर विसंबणे चूक आहे. त्याच आज्ञेत मॉडेल व अनुक्रमांक हे रकाने मागवावेत, डिस्कवरच्या लेबलाशी अनुक्रमांक ताडून पाहावा, आणि पुढच्या आज्ञांत ‘बाय-आयडी’ या निर्देशिकेतील स्थिर नाव वापरावे. जी डिस्क लागत नाही ती काढून ठेवावी. याहून भरवशाचा उपाय नाही.

साधनांच्या स्वभावातही फरक आहे. लिनक्समध्ये विभाग पाडणाऱ्या ‘एफडिस्क’मधले बदल ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत स्मृतीतच राहतात, ‘पार्टेड’ मात्र प्रत्येक बदल तत्काळ डिस्कवर लिहिते. एकातून दुसऱ्याकडे वळणाऱ्याने हे विसरू नये. ‘एसएफडिस्क’च्या ‘डी’ पर्यायाने विभाग-कोष्टकाची प्रत फाइलीत काढता येते. ‘वाइपएफएस’ पर्यायाविना दिले तर डिस्कवरील फाइल-व्यवस्थांच्या नुसत्या खुणा दाखवते, काहीही पुसत नाही. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल-व्यवस्था लिहिणाऱ्या ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ला ‘एन’ पर्याय दिला की काय होईल ते दिसते, लिहिले काहीच जात नाही. विभाग माउंट केलेला (वापरासाठी जोडलेला) असेल तर ती आज्ञा नकार देते. डिस्कवर थेट बाइट लिहिणारी ‘डीडी’ असे काहीच विचारत नाही. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘सिलेक्ट डिस्क’नंतर पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ देऊन तारकाचिन्ह (*) योग्य ओळीपुढे आहे का पाहावे, ‘डीटेल डिस्क’ वाचावे, मगच ‘क्लीन’ म्हणावे. ‘क्लीन’ संमती मागत नाही.

विभाग-कोष्टक एमबीआर या जुन्या पद्धतीचे असेल तर चार प्राथमिक विभाग आणि ५१२ बाइटांच्या सेक्टरवर सुमारे २ टीबी ही मर्यादा येते. जीपीटी या नव्या पद्धतीत ती नाही, शिवाय कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही.

एसएसडीवर वरील पुनर्प्राप्तीची आशा धरू नये. ‘एमकेएफएस.ईएक्सटी४’ स्वतःहून ‘ट्रिम’ (हे ब्लॉक आता लागत नाहीत असे एसएसडीला कळवणारी आज्ञा) पाठवते, आणि त्यानंतर जुने ब्लॉक बहुधा वाचता येत नाहीत. उलट, एसएसडी मुद्दाम पुसायची तर शून्ये लिहिणे पुरेसे नाही, कारण झीज वाटून घेणारा कंट्रोलर काही ब्लॉक दृष्टीआड ठेवतो. तेथे डिस्कचीच अंतर्गत इरेज आज्ञा वापरावी. हार्ड डिस्कसाठी संगणकशास्त्रज्ञ पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये सुचवलेल्या ३५ फेऱ्या जुन्या नोंदणी-पद्धतींसाठी होत्या. आधुनिक डिस्कवर एक पूर्ण फेरी पुरते, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेच्या मार्गदर्शिकेचे मत येथे मान्य केले आहे.

नागपुरातील वापर : बर्डी-धरमपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानांत ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला बहुधा विंडोज नव्याने टाकून हवे असते, ‘डी’ ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटो आणि दुकानाचे हिशेब जागच्या जागी राहतील असे तो गृहीत धरतो. ‘क्लीन’ने मात्र ‘सी’ आणि ‘डी’ दोन्ही विभाग जातात. कोणता विभाग पुसायचा हे काम घेतानाच पावतीवर लिहून घ्यावे. उपग्रह-प्रतिमांवर काम करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो याच शहरात आहेत. असा साठा असतो तेथे डिस्कच्या नावातले एक चुकीचे अक्षर वर्षांच्या कामावर पाणी फिरवू शकते.

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जातो. सेकंदाला १५० एमबी या वेगाने २ टीबीच्या डिस्कवर शून्ये लिहायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात, तेवढा वेळ बंद डबीतली बाह्य डिस्क तापत राहते. पुष्कळ डिस्कसाठी उत्पादक कमाल ६० अंश सांगतात, म्हणून डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ने तापमान अधूनमधून पाहावे आणि लांबलचक काम कूलरच्या खोलीत किंवा पहाटे घ्यावे. मध्येच वीज गेली तर अर्धवट फॉरमॅट पुन्हा करता येते; विभागाचा आकार बदलताना ती गेली तर मात्र आतली माहिती जाऊ शकते.