मॅकबुक घ्या, पण जुना लॅपटॉप पंधरा दिवस कुणाला देऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आमच्या दादरच्या दुकानात मॅकबुक एअरची चौकशी वाढली. सव्वा किलोच्या आसपास वजन, आत पंखाच नसल्यामुळे आवाजही नाही. सॅक पोटाशी धरून विरार लोकलमध्ये उभं राहणाऱ्याला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

विक्री झाली की आठवड्याभरात फोन येतो: "मराठी फायली उघडतात, पण अक्षरं भलतीच दिसतायत."

फाइल बिघडलेली नसते. सोसायटीची इतिवृत्तं, वकिलांचे मसुदे, शाळेच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या आहेत. त्यात रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट आहे तोवर 'सभासद' दिसतं. तो नसला की कंस, टक्के आणि विचित्र अक्षरांची रांग. फॉन्ट मॅकवर टाकून निदान वाचता येतं बऱ्याचदा. पण तुमच्याकडचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं, त्यामुळे दुरुस्ती करायची म्हटली की अडलं.

यावर उपाय म्हणजे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा प्रमाणित पद्धतीत, बदलून घेणं. हे काम जुन्या लॅपटॉपवरच नीट होतं, कारण फॉन्ट आणि सॉफ्टवेअर तिथेच असतं, आणि मूळ पान कसं दिसत होतं हेही तिथेच ताडून बघता येतं. नेमका तोच लॅपटॉप तोवर फॉरमॅट करून भाच्याला दिलेला असतो! "सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय" असं सांगतात. फायली घेतलेल्या असतात, फॉन्ट राहून जातात. मग कुठला फॉन्ट होता हे शोधण्यातच आमचे आणि तुमचे दोन-तीन दिवस जातात.

म्हणून आम्ही जुना लॅपटॉप त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये घेत नाही. बाहेर कुणीही घेईल, वर हजार रुपये जास्तही देईल. आम्ही ठरलेला भाव बिलावर लिहून देतो, तो पंधरा दिवस बदलत नाही. तेवढ्यात फायली बदलून, तपासून होतात. या कामाचे पैसे वेगळे का, असंही विचारतात. एका बटणावर होतं ते फक्त रूपांतर. त्यानंतर रफार भलत्या अक्षरावर गेलेला असतो, आणि मराठी नावांशेजारचे इंग्रजी फ्लॅट नंबरही देवनागरीत वितळून गेलेले असतात. ते माणसालाच वाचून दुरुस्त करावं लागतं. थोड्याच फायली असतील तर घरी करा, कसं ते आम्ही फुकट दाखवू. आणि महत्त्वाच्या कागदांची जुन्या लॅपटॉपवरूनच पीडीएफ काढून ठेवा, ती कुठेही जशीच्या तशी दिसते.

मराठी कीबोर्ड मॅकमध्ये आधीच असतो. इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाणित कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांना फारसा त्रास होत नाही, टाइपरायटरच्या पद्धतीने टाइप करणारे मात्र सुरुवातीला वैतागतात. कंट्रोलऐवजी कमांड दाबायची सवय आपोआप लागते.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर रोजचं काम असेल तर मॅक घेऊच नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. टॅली विंडोजचं आहे, आणि ॲपलच्या एम मालिकेच्या चिपवर बूट कॅम्पने (जुन्या इंटेल मॅकवर विंडोज टाकायची ॲपलचीच सोय) विंडोज टाकता येत नाही. आमच्याकडे विंडोजचेही हलके लॅपटॉप आहेत. मॅक घेणाऱ्यांनी स्टोरेज आणि रॅम विचार करून घ्यावी, एअरमध्ये दोन्ही नंतर वाढवता येत नाहीत. बाहेरची जुनी हार्ड डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, असेल तर मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. म्हणून ती फॉरमॅट करायला घेऊ नका, आतलं सगळं जाईल. दुसरी डिस्क एक्सफॅट, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालेल अशी, करून आम्ही देतो.

येताना जुना लॅपटॉप चार्जरसकट आणा. टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल (ते चालू होण्यासाठी यूएसबीला लावायची किल्ली) असेल तर तेही. सोमवारी दुकान बंद असतं.