अंगकोर समजून घ्यायला एवढे लोक का लागले

कंबोडियात अंगकोरवर, म्हणजे ख्मेर राजांच्या जुन्या राजधानीवर, आज जे संशोधन चालतं त्यात संस्कृत वाचणारे असतात, आर्किटेक्ट असतात, पाण्याचे इंजिनियर असतात आणि तळ्यातला गाळ काढून त्यातले परागकण मोजणारेही असतात. एका जागेसाठी एवढे सगळे कशाला, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

सुरुवात दगडांपासून झाली, कारण उरले होते ते दगडच. आंरी मुओ हा फ्रेंच प्रवासी १८६० मध्ये तिथे गेला आणि त्याच्या वर्णनांनी युरोपात अंगकोरचं नाव झालं. त्याने ते "शोधलं" असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, अंगकोरवाट या तिथल्या सगळ्यात मोठ्या देवळात तेव्हाही बौद्ध भिक्खू राहत होते, तिथल्या माणसांसाठी ते कधी हरवलंच नव्हतं. मग फ्रेंचांनी शिलालेखांचे ठसे घ्यायला घेतले आणि लेख निघाले दोन भाषांत, देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत, आणि देवळाला कुठलं शेत दिलं, सेवेला कोण माणसं दिली, त्यांची नावं काय, हे जुन्या ख्मेरमध्ये, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत. म्हणजे नुसतं संस्कृत येणाऱ्याला राजा दिसायचा, ख्मेर येणाऱ्याला शेत आणि शेतावरची माणसं.

आणि तारखा कुठल्या, तर शकातल्या, आपल्या पंचांगात आहे तोच शक! के. १२७ नावाने नोंद असलेल्या एका लेखात शके ६०५ लिहिलंय, म्हणजे इ.स. ६८३, तिथी वद्य पंचमी, आणि सहा आणि पाचच्या मधलं शून्य म्हणजे दगडात कोरलेला एक छोटा ठिपका. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज सेदेस यांनी १९३१ मध्ये हे शून्य जगासमोर मांडलं, ग्वाल्हेरच्या लेखातल्या शून्यापेक्षा जवळपास दोनशे वर्षं जुनं. पुढे युद्धाच्या काळात या दगडाचा पत्ताच लागेना, तो थेट २०१३ मध्ये अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरातल्या एका गोदामात सापडला.

१९०७ मध्ये सियामकडून, म्हणजे आजच्या थायलंडकडून, हा भाग फ्रेंच राजवटीत आला, पुढच्याच वर्षी जतनाचं ऑफिस सुरू झालं. पडलेले दगड जुळवून मूळ जागी परत लावायची पद्धत फ्रेंचांनी जावातल्या डच लोकांकडून घेतली आणि १९३० च्या दशकात बांते स्रेई या देवळाला वापरली. बाफुऑन मंदिरासाठी तर १९६० च्या दशकात जवळपास ३ लाख दगड उतरवून जंगलात मांडून ठेवले, कुठला दगड कुठला याची नोंद करून. मग युद्ध आलं, १९७५ मध्ये ख्मेर रूज हे जहाल कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि त्या नोंदी नष्ट झाल्या. १९९५ मध्ये काम परत सुरू झालं तेव्हा कोडं पहिल्यापासून सोडवावं लागलं, ते पूर्ण झालं २०११ मध्ये.

नोंदी गेल्या त्यापेक्षा माणसं गेली हे फार मोठं. शिकलेले ख्मेर अभ्यासक मारले गेले किंवा देश सोडून गेले, हातावर मोजण्याइतके उरले. त्यानंतर फार थोडे देश तिथे जायला तयार होते, तेव्हा १९८६ ते १९९३ आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण अंगकोरवाटवर काम करत होतं. दगड केमिकलने साफ केले म्हणून त्यावर टीका झाली, ती पण सांगायला हवी, पण गेले होते हे खरं. १९९२ मध्ये अंगकोर जागतिक वारसा यादीत आलं आणि मग बऱ्याच देशांच्या टीम आल्या.

खरा वाद होता पाण्याचा. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी १९७९ मध्ये मांडलं की अंगकोर हे पाण्यावर उभं शहर, ८ किलोमीटर लांबीचे तलाव सिंचनासाठी होते, व्यवस्था बिघडली आणि शहर ढासळलं. काही जण म्हणाले की नाही, तलाव धार्मिक. देवळं बघून याचं उत्तर मिळणार नव्हतं, कारण घरं लाकडाची, राजवाडासुद्धा लाकडाचा, सगळं कुजून गेलेलं. म्हणून रडार आलं, २००७ मध्ये सुमारे १००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या वस्तीचा नकाशा आला. २०१० मध्ये व्हिएतनाममधल्या जुन्या झाडांच्या वाढीच्या वर्तुळांवरून चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे दुष्काळ आणि मधेच तुफान पावसाची वर्षं कळली. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझर मारून झाडांखालची जमीन मोजली, तेव्हा रस्ते, तळी आणि घरांचे उंचवटे चौकटी आखल्यासारखे दिसले, अंगकोरवाटच्या आवारात पण. तिथे खणून खापरं काढली, आणि देवळाशी बांधलेली साधी माणसं, जी ख्मेर लेखांत फक्त नावाने होती, त्यांच्या चुली सापडायला लागल्या. मला तरी या सगळ्या अभ्यासातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

चोरीचा विषय पण याच अभ्यासाचा झालाय. कोह केर या दुसऱ्या जुन्या राजधानीत, प्रासात चेन देवळात चौथऱ्यांवर मूर्तींची नुसती पावलं उरली होती, घोट्यापासून वरचं तोडून नेलेलं. न्यूयॉर्कमध्ये २०११ मध्ये एका योद्ध्याची मूर्ती लिलावाला आली, पावलं नसलेली, आणि अभ्यासकांनी ती त्या पावलांशी जुळवली, तो दुर्योधन, आणि समोरचा कॅलिफोर्नियातल्या म्युझियममध्ये होता तो भीम. गदायुद्धाचा अख्खा प्रसंग होता तिथे, बघायला बलराम आणि पांडव. २०१४ मध्ये दुर्योधन आणि भीम दोघेही कंबोडियात परत आले.