वेठबिगारीतून सुटका: दाखला कुठे मिळतो, पैसे किती, आणि जंगलाचा हक्क कसा मागायचा

ब्रिटनने १८३३ मध्ये कायदा करून गुलामगिरी बंद केली तेव्हा २ कोटी पौंड भरपाई वाटली. ती सगळी मालकांना मिळाली, गुलामांच्या हाती छदामही पडला नाही. त्या हिशोबासाठी कॅरिबियन देश आजही भांडताहेत. आपल्याकडच्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्याने १९७६ मध्ये नेमकं उलट केलं: मालकाची उचल बुडाली आणि मदत मजुराला. पण ती आपोआप घरी चालत येत नाही, मागावी लागते.

रायगड-पालघरच्या कातकरी वाड्यांवर ही माहिती सर्वांत जास्त उपयोगाची आहे, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो. खैराचा गाभा उकळून कात काढणारे ते कातकरी. खैर तोडण्यावर बंधनं आली, रान वनखात्याचं झालं, सातबाऱ्यावर नाव कधी नव्हतंच. मग उरल्या कोळसाभट्टी आणि वीटभट्टी. म्हणजे आधी जंगल गेलं आणि मग माणूस बांधला गेला. अर्ज करताना ही दोन्ही टोकं लक्षात ठेवा, कारण सरकारी योजनेत दोन्हींची सोय आहे आणि लोक सुटकेचे पैसे तेवढे मागून थांबतात.

वेठबिगार कोणाला म्हणायचं? साखळदंड दिसायला हवेत असं नाही. उचल घेतली (कागदावर असो की तोंडी, स्वतः घेतलेली असो की बापाने) आणि त्यापायी दुसरीकडे कामाला जाता येत नाही, मोकळेपणाने हिंडता-फिरता येत नाही, आपला माल किंवा मेहनत बाजारभावाने विकता येत नाही, किंवा मजुरी मिळतच नाही वा नावापुरती मिळते. यातलं एक जरी असलं तरी पुरे. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे. भट्टीवरचा हिशोब आठवा. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी भट्टीवर जाते, आठवड्याला खर्ची मिळते, पावसाच्या तोंडावर मालक वही उघडतो आणि सगळं वजा करून वर ‘अजून इतके फिरतात’, म्हणजे तुझ्याकडून येणं बाकी आहे, असं सांगतो. पुढच्या हंगामाला जाणं मग ठरूनच गेलेलं असतं.

‘पुरावा काय?’ हा कचेरीतला पहिला प्रश्न. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, मजुरावर नाही. वही मालकाकडे असते, मजुराकडे कुठून येणार? तरी उचल कधी घेतली, खर्ची किती मिळायची, रोज किती विटा पाडल्या, कोणाला परत जाऊ दिलं नाही, हे तारखांच्या अंदाजासह लिहून न्या. दिवाळी, होळी, पोराचं आजारपण अशा खुणा चालतात.

अर्ज जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदारांकडे, कोऱ्या कागदावर. मजुराने स्वतःच द्यावा असं नाही, नातेवाईक किंवा संघटनाही देऊ शकते. एक प्रत पोलिसांना द्या आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात, तिथेही एक प्रत पाठवा. चौकशीत जबाब मालकासमोर घेतला जाऊ देऊ नका. भट्टीवर उभं राहून ‘तुला काही त्रास आहे का’ असं विचारलं तर उत्तर काय येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

चौकशीत वेठबिगारी दिसली की मुक्ततेचा दाखला मिळतो. पुढचं सगळं या कागदावर अवलंबून आहे, तेव्हा तो हातात पडताच तिथेच वाचून घ्या. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एकट्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं असणं. भट्टीवर जोडी राबते, दहा-बारा वर्षांची पोरंही विटा उलटतात. मदत माणशी आहे. बायकोचं आणि राबलेल्या मुलांचं नाव दाखल्यात नसेल तर त्यांचे पैसे गेलेच.

२०१६ पासूनच्या केंद्रीय योजनेप्रमाणे प्रौढ पुरुषाला १ लाख रुपये. महिला आणि मुलांना २ लाख, त्यातले १ लाख २५ हजार ठेवीत आणि ७५ हजार खात्यावर. अपंग, तृतीयपंथी, तसंच लैंगिक शोषणातून किंवा मानवी तस्करीतून सोडवलेल्या महिला व मुलांना ३ लाख, त्यातले २ लाख ठेवीत. याखेरीज सुटका होताच ३० हजारांपर्यंत तातडीची मदत आहे. २०२२ पूर्वी ती २० हजार होती. तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची नाही. मोठी रक्कम मात्र मालकाच्या शिक्षेशी जोडलेली आहे, आणि सगळं अडतं ते इथे. म्हणून गुन्हा नोंदवला का, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे खटला उभा राहिला का, याचा पाठपुरावा करत राहा. मजूर आदिवासी किंवा अनुसूचित जातीचा असेल तर अॅट्रॉसिटीचं कलम लागू होतं का तेही विचारा, त्यातली मदत वेगळी.

सुटकेसाठी आधार कार्डाची अट नाही. पैशांसाठी मात्र दाखला, ओळखपत्र, फोटो आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं हवं. जातीचा दाखला काढून ठेवलात तर आदिवासी विभागाच्या योजनांना उपयोगी पडेल.

आता ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो भाग. याच योजनेत रोख रकमेशिवाय घरासाठी जागा, शेतजमीन, जमीन सुधारणा आणि गौण वनउपज गोळा करून त्यावर प्रक्रिया करण्याची सोय लिहिलेली आहे. पैसे मिळाले की फाइल बंद होते, म्हणून हे अर्जातच वेगळं मागा.

सोबत २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा टाका. तो कचेरीत नव्हे, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. वैयक्तिक दाव्याला नमुना अ, सामूहिक हक्काला नमुना ब. आदिवासींसाठी अट अशी की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असायला हवं; कसत असलेली जमीन मिळते, जास्तीत जास्त ४ हेक्टर. एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा त्यातला एक चालतो. कातकरी हे विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात, त्यामुळे वस्ती-अधिवासाचा, म्हणजे जमातीच्या पारंपरिक वावराच्या मुलखावरचा हक्कही मागता येतो. ग्रामसभेचा ठराव पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते.

वेळ मात्र सांभाळा. वाडी भरलेली असते ती पावसाळ्यात. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत दावे मांडून घ्या, कारण गणपतीच्या सुमाराला मुकादम पुढच्या हंगामाची उचल वाटायला येतो आणि दिवाळीनंतर जबाब द्यायला म्हातारी माणसं तेवढी उरतात.