फडका मारणं आणि निर्जंतुक करणं

कॅन्सरच्या केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये 500 च्या खाली आल्या की एरवी ज्या जंतूंचं आपल्याला काही वाटत नाही, तेही जिवावर बेततात. त्या दिवसांत ‘खोली पुसली का?’ एवढं विचारून भागत नाही.

पुसण्याने मळ, तेलकटपणा आणि बरेचसे जंतू निघतात, पण मरत नाहीत. एकाच ओल्या फडक्याने संडासाची कडी आणि मग कॉटचा कठडा पुसला, तर कडीवरचे जंतू कठड्यावर येतात. निर्जंतुक करताना औषधाने जंतू मारायचे असतात, आणि त्याला वेळ लागतो. ब्लीच लावून लगेच कोरडं केलं तर मेहनत वाया जाते. पृष्ठभाग 10 मिनिटं ओला दिसायला हवा. मध्येच सुकला तर पुन्हा ओला करायचा.

क्रम चुकला तरीही फसतं. उलटी, विष्ठा, रक्त यांच्यावर ब्लीच ओतलं की क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतं. म्हणून हातमोजे घालून आधी घाण टिपायची, साबणाने धुवायचं, मगच ब्लीच.

प्रमाण बाटलीवर बघूनच ठरवा. ब्लीचमध्ये जंतू मारणारं हायपोक्लोराइट 5 टक्के असेल तर रोजच्यासाठी 20 मिली ब्लीच आणि 980 मिली गार पाणी. रोज ताजं करायचं, कारण ठेवलेल्या द्रावणाचा जोर उतरतो. टॉयलेट क्लीनरच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. धातूवर लावलं तर नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर गंज चढतो.

सॅनिटायझरवरचा भरवसा सगळ्यात जास्त घात करतो तो सी. डिफिसिल या जुलाबाच्या जंतूच्या बाबतीत. अँटिबायोटिक्स चालू असलेल्या केमोच्या रुग्णाला तो सहज गाठतो. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, पृष्ठभागावर महिनोन्‌महिने टिकतात आणि अल्कोहोलने मरत नाहीत. इथे त्याच 5 टक्क्यांच्या ब्लीचचं 100 मिली ब्लीच, 900 मिली पाणी असं कडक द्रावण लागतं, आणि हात साबणाने वाहत्या पाण्याखालीच धुवावे लागतात. फिनाईलच्या वासाने खोली स्वच्छ वाटते, पण हे बीजाणू त्याने जात नाहीत. उपचारांसाठी मुंबईत येऊन दादर-परळच्या धर्मशाळांत उतरलेल्या आणि सामाईक संडास वापरणाऱ्या कुटुंबांनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

लादीपेक्षा हात लागतो त्या जागा आधी घ्या: कठडा, बेल, सलाइनचा स्टँड, नळ, रिमोट. मोबाइल सगळ्यांच्या नजरेतून सुटतो; त्याला ब्लीच नको, 70 टक्के अल्कोहोलने पुसा.

हे सगळं केलं तरी या काळातले बरेचसे संसर्ग रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातल्या, त्वचेवरच्या जंतूंमुळे होतात. तेव्हा थर्मामीटर उशाशीच असू द्या. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की गोळी देऊन वाट बघू नका, रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.