घरच्या बीपी यंत्राची वंशावळ

मोजमापाचा पहिला मान घोडीचा. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने तिच्या धमनीत पितळी नळी घालून वर काचेची नळी उभी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून उंच चढले; ही नोंद 1733 मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाची धमनी न उघडता दाब मोजण्याची सुटसुटीत पद्धत 1896 मध्ये इटलीतील शिपियोने रिवा-रोच्ची यांनी दिली: दंडाभोवती हवेचा पट्टा, जोडीला पाऱ्याची नळी आणि मनगटावर नाडी चाचपणारे बोट. तिने फक्त वरचा आकडा कळे, आणि पट्टा अरुंद असल्याने तोही फुगून येई. जर्मन डॉक्टर रेकलिंगहाउझेन यांनी 1901 मध्ये पट्टा रुंद केला. जाड दंडाला लहान पट्टा लावल्यास बीपी जास्त दिसते, ते आजही याच कारणाने.

1905 मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. हवा सोडताना ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा दाब, ते विरतात तो खालचा. पद्धत उत्तम, पण मोजमाप त्यामुळे शिकलेल्या कानाच्या हवाली झाले. एकट्या रुग्णाने पट्टा फुगवावा, ठोके ऐकावेत आणि पाऱ्याकडेही पाहावे, ही कसरतच. तरीही 1940 मध्ये अमेरिकेतील एमन आणि गोल्डशाइन यांनी रुग्णांच्या घरी मोजमाप करवून घेतले, आणि घरचे आकडे दवाखान्यातल्यापेक्षा कमी निघाले. या निष्कर्षाला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व पुढची कित्येक वर्षे मिळाले नाही.

आज घरोघरी असलेले बटणाचे यंत्र कोरोत्कोव्ह यांच्या पद्धतीचे वारस नाही. ते ठोके ऐकतच नाही. पट्ट्यातील हवा कमी होताना धमनीच्या स्पंदनांमुळे पट्ट्यातील दाबात बारीक हेलकावे येतात, त्यांवर ते चालते. हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांनी एकोणिसाव्या शतकातच हाताळले होते. हेलकावे सर्वांत मोठे असतात तिथे सरासरी दाब असतो. वरचा आणि खालचा आकडा यंत्र त्यावरून आपल्या गणिताने काढते, म्हणून नाडी अनियमित असेल तर त्याचा अंदाज चुकू शकतो. कानाची गरज संपली आणि 1970 च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त होत गेले, तेव्हा मोजमाप खऱ्या अर्थाने घरात आले.

दवाखान्यातील वाढीव आकड्यांचा भक्कम पुरावा 1983 मध्ये इटलीतील मान्चिया आणि सहकाऱ्यांनी दिला. धमनीतच नळी ठेवून सतत नोंद घेतली असता, डॉक्टर खाटेशी येताच वरचा दाब सरासरी सुमारे 27 मिलिमीटरने (पाऱ्याच्या नळीतील उंची) चढला. जपानमधील ओहासामा गावात रहिवाशांनी घरी घेतलेल्या नोंदींवरून पुढे दिसले की, आयुष्याला असलेला धोका दवाखान्यातील आकड्यापेक्षा घरचा आकडा अधिक नेमका सांगतो. म्हणूनच आता अनेक मार्गदर्शक सूचनांमध्ये दवाखान्यासाठी 140/90 आणि घरच्यासाठी 135/85 अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत, आणि घरच्या मोजमापात एका आकड्यावर न थांबता काही दिवसांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदींची सरासरी धरली जाते.