‘पार्टनर’ म्हटलं म्हणून नोकर नाही?

रत्नागिरीत मारुती मंदिराच्या नाक्यावर पार्सलाची वाट बघणाऱ्या कुठल्याही ॲपवाल्या डिलिव्हरी पोराला विचारा. उत्तर ठरलेलं: “आपण पार्टनर. गाडी आपली, पेट्रोल आपलं, वेळ आपली. कामगार कसले?” कंपन्यांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं, आणि पोरांनाही ते पटलं.

पण कागदावरचं नाव शेवटचा शब्द नसतं. याचा खटला चक्क मिठाचा आहे, आपल्या मिठागरांवाल्यांना लगेच कळेल असा. सौराष्ट्रातले आगरिये मणामागे ठरलेल्या दराने कंपनीसाठी मीठ पिकवायचे. कामाचे तास ठरलेले नव्हते, मदतीला माणसंही स्वतःच लावायचे. हे स्वतंत्र कंत्राटदार, असं कंपनी म्हणाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये त्यांना कामगार ठरवलं, कारण कामावर देखरेख आणि ताबा कंपनीचा होता. आता ॲप ऑर्डर वाटतं, दर ठरवतं, रेटिंग घसरलं की आयडी बंद करतं. ताबा कुणाचा, तुम्हीच सांगा.

मात्र उलटी अफवाही खोटीच: नव्या कायद्याने सगळे नोकर झाले, आता पीएफ सुरू! हा कायदा म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता २०२०. ती गिग कामगाराला, म्हणजे अशी ॲपवरची कामं करणाऱ्याला, पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरच ठेवते. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यानुसार कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची. कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही तिची कमाल मर्यादा. किमान वेतन, भरपगारी रजा यात नाही. योजनांसाठी ई-श्रम या सरकारी नोंदणी पोर्टलवर नाव मात्र स्वतःच तपासा.